फाउंड्रीसाठी जनरेटर: ६२.५, १६० की २५० केव्हीए?

शिरोलीचा_साचेवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे आणि तिला लागून मशीन शॉप. वडिलांनी उभं केलेलं काम, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. ग्रे आयर्नची कास्टिंग काढतो, जास्त करून पंपाची. ५०० किलोची एकच इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर लोखंड वितळवणारी भट्टी, ३५० किलोवॅटची.

इतकी वर्षं जनरेटरशिवाय काढली. भट्टीभोवतीची कॉइल पाण्यानं थंड ठेवावी लागते, त्या पाण्यासाठी वर टाकी आहे, लाइट गेली की त्या टाकीचं पाणी आपोआप कॉइलमधून उतरतं. त्यावर आम्ही निर्धास्त होतो. मे महिन्यात वळीव आला, भट्टी काठोकाठ भरलेली, पोअरिंग, म्हणजे साच्यांत ओतणं, सुरू होणार एवढ्यात लाइट गेली आणि दोन तास आली नाही. टाकीच्या पाण्यानं कॉइल वाचली. पण भट्टी टिल्ट (कलती) करायचा हायड्रॉलिक पॉवर पॅक बंद, क्रेन बंद, लोखंडाचा सगळा रस भट्टीतच गोठला. लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, फोडून नवं मारण्यात आणि तापवून पक्कं (सिंटर) करण्यात तीन दिवस गेले. पैशाचं दुःख आहेच, पण अंधारात लाल भट्टीशेजारी उभी असलेली आमची माणसं डोळ्यांसमोरून जात नाहीत. कुणाला काही झालं नाही, ही देवाची कृपा.

आता जनरेटर घ्यायचाच. एका विक्रेत्यानं सगळा कनेक्टेड लोड बेरीज करून २५० केव्हीए (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप) सुचवला. दुसरा म्हणतो, भट्टीही चालवायची तर ५०० च्या वर जा. भाऊ म्हणतो १६० बस्स. आमचा लोड असा:

फर्नेसचा पाण्याचा पंप साडेसात एचपी, कूलिंग टॉवरचा पंप साडेसात एचपी, टॉवरचा पंखा ३ एचपी, पॉवर पॅक १० एचपी, क्रेनचा होइस्ट १५ एचपी, सँड मिक्सर ३० एचपी, शॉट ब्लास्टिंग २५ एचपी, स्क्रू कॉम्प्रेसर ३० एचपी, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दिवे आणि ऑफिस.

कुणी हे केलं असेल तर सांगा. कर्ज काढून घेणार आहे, चूक परवडणार नाही.

मूठभर_वाळू

दादा, आधी दोन गोष्टी सांगा. लाइट जाते किती वेळा आणि किती वेळ? आणि मोटरांना स्टार्टर कुठले आहेत, डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजवर), स्टार-डेल्टा (दोन टप्प्यांत) की व्हीएफडी (वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह)? याशिवाय केव्हीएवर बोलणं म्हणजे अंधारात बाण.

शिरोलीचा_साचेवाला

पावसाळ्यात दिवसातून दोन-तीन ट्रिपिंग, पाच-दहा मिनिटांची. आठवड्यात एखादवेळी तासभर. दोन तासांच्या वर वर्षात चार-पाच वेळा. पंप आणि पॉवर पॅक डीओएलवर, कॉम्प्रेसर स्टार-डेल्टा, होइस्टला मागच्या वर्षी व्हीएफडी बसवला.

डिझेल_काका

मी ३१ वर्षं जनरेटरची सर्व्हिस केली. सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर सगळं पायाखालचं. तुमची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवेना, कारण चुकीच्या मापाचा सेट घेऊन हळहळणारे मालक मी खूप बघितले, आणि त्यातले बरेचसे मोठा सेट घेतलेले होते.

५०० केव्हीएचा विचार सोडून द्या. एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिटच्या आसपास लागतात. जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये साडेतीन ते चार युनिट देतो, तेही चांगल्या लोडवर. डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तर युनिट पंचविशीच्या घरात गेलं. म्हणजे टनामागे पंधरा हजार नुसत्या विजेचे. त्यावर फर्नेसचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) एवढे हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लाटेतली विकृती, सोडतो की अल्टरनेटर (सेटचा वीज बनवणारा भाग) मापापेक्षा कितीतरी मोठा घ्यावा लागतो. जनरेटरवर भट्टी वितळवायची नसते. भट्टीत वितळलेलं सुखरूप बाहेर काढायचं असतं.

त्यामुळे पहिला प्रश्न केव्हीएचा येतच नाही. कागद घ्या आणि लिहा: लाइट गेल्यावर काय थांबलं तर माणूस किंवा भट्टी जाईल? तुमच्या यादीतून मी असं काढतो. दोन पंप साडेपाच-साडेपाच किलोवॅट, टॉवरचा पंखा सव्वादोन, पॉवर पॅक साडेसात, होइस्ट ११, दिवे आणि पंखे ४ धरा. बेरीज ३६ किलोवॅट झाली. ६२.५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरनं (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ५० किलोवॅट देतो. सगळं एकदम चाललं तरी ७१-७२ टक्के. हे झालं जिवाचं.

दुसरी यादी धंद्याची. चार सीएनसी खरोखर खातात तेवढं, म्हणजे प्रत्येकी १० धरून ४०, कॉम्प्रेसर २२. आता एकूण ९८ किलोवॅट. त्याला १६० केव्हीए, म्हणजे १२८ किलोवॅट, ७६ टक्के. भावाचं गणित चुकलेलं नाही. सँड मिक्सर आणि शॉट ब्लास्टिंग जनरेटरवर नकोतच, तासभर थांबले तर काही बिघडत नाही.

आता २५० का नको ते बघा. रात्री पोअरिंग संपलं, भट्टी रिकामी पण गरम आहे, लाइट गेली. चालायला हवेत फक्त दोन पंप आणि पंखा, १३ किलोवॅट. २५० केव्हीएचा सेट २०० किलोवॅटचा, म्हणजे त्याच्यावर सात टक्केसुद्धा लोड नाही. इंजिन गरमच होत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट ओघळायला लागतं, इंजेक्टर चोक होतात, लायनरला आरशासारखी चकाकी येते आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. इंग्रजीत याला वेट स्टॅकिंग म्हणतात. ३० टक्क्यांच्या खाली सेट तासन्‌तास चालवू नये. दोन वर्षांत उघडावा लागलेली अशी इंजिनं मी स्वतः उघडली आहेत, आतली अवस्था बघून वाईट वाटतं.

मोटर सुरू होण्याचं गणितही लक्षात ठेवा. डीओएलवरची मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढते, स्टार-डेल्टावर त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. ६२.५ केव्हीएचा फुल लोड करंट ८७ अँपिअर. तुमचा ३० एचपी कॉम्प्रेसर स्टार-डेल्टावरही ८०-९० घेऊ शकतो, म्हणून त्याला या सेटवर घेऊ नका. पंप एकापाठोपाठ एक सुरू होतील असे टायमर लावा. सगळे एकदम उठले की व्होल्टेज बसतं, कॉन्टॅक्टर (मोटरचे विद्युत स्विच) सुटतात आणि मालक म्हणतो सेट खराब आहे.

शिरोलीचा_साचेवाला

काका, तुमचे पाय धरावेसे वाटतात. तीन विक्रेते येऊन गेले, एकानंही विचारलं नाही की रात्री काय चालतं.

पण १६० घेतला तरी रात्री १३ किलोवॅट म्हणजे १० टक्केच ना? मग तोही बिघडणार?

डिझेल_काका

बरोबर पकडलंत. रोज तासभर असं चाललं तर बिघडणार. म्हणूनच मी एक मोठा सुचवत नाही.

लागोसहून_लिहितोय

मी मूळचा कराडचा, गेली नऊ वर्षं नायजेरियात लागोसजवळ एका कारखान्यात पॉवर प्लांट बघतो. इथे जनरेटर हीच मुख्य वीज असते. वीस कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशात राष्ट्रीय ग्रिडवर चार-पाच हजार मेगावॅट असतात, तीही कधी कोसळेल सांगता येत नाही. त्यामुळे मोठे कारखाने गॅस इंजिनं चोवीस तास चालवतात आणि डिझेल मागे उभं ठेवतात.

इथून शिकलेली एक गोष्ट सांगतो. नेमप्लेटवरचा आकडा एकटा वाचू नका, त्याच्या शेजारचं अक्षर वाचा. आयएसओ ८५२८ या जनरेटरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातली तीन रेटिंग लक्षात ठेवा. ईएसपी म्हणजे फक्त आणीबाणीचं, वर्षाला २०० तासांपर्यंत. पीआरपी म्हणजे कितीही तास, पण लोड वरखाली होणारा आणि २४ तासांची सरासरी ७० टक्क्यांच्या आत. सीओपी म्हणजे ठरावीक लोड सतत, कितीही तास. एकाच इंजिनाचा ईएसपी आकडा सगळ्यात मोठा असतो, आणि स्वस्त कोटेशनमध्ये तोच छापलेला असतो. दोन कोटेशनं समोर ठेवून ‘हा स्वस्त’ म्हणण्याआधी दोन्ही पीआरपीमध्ये मागा.

दुसरं, काकांनी सूचित केलंय ते मी उघड सांगतो. एकाऐवजी दोन सेट घ्या. आमच्याकडे सहा इंजिनं एका बसवर (सगळ्यांची वीज गोळा करणारी पट्टी) सिंक होतात, म्हणजे जुळून एकत्र चालतात. लोड कमी झाला की कंट्रोलर एकेक बंद करतो, उरलेली चांगल्या लोडवर राहतात. एक देखभालीला गेलं तरी कारखाना थांबत नाही. तुम्हाला सिंक्रोनायझिंगचा खर्च करायची गरज नाही. भट्टीचा वेगळा छोटा सेट आणि मशीन शॉपचा वेगळा, दोन बस, मधे एक हाती कपलर (दोन्ही बस जोडणारा स्विच). छोटा बिघडला तर मोठ्यावरून भट्टीचे पंप चालवायचे.

आमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हरमटानची धूळ येते, सहाराकडून. एअर फिल्टर आठवड्यात भरतात. तुमच्या फाउंड्रीत सिलिका सँड उडते, ती इंजिनाच्या पोटात गेली तर त्याहून वाईट. सेट मोल्डिंगच्या बाजूला चुकूनही ठेवू नका. फिल्टरचा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर रोज बघायची सवय लावा.

शेड_नंबर_तीन

मी फाउंड्रीवाली नाही. आमच्या दोन ईसी (हवामान नियंत्रित) शेड आहेत, ब्रॉयलर कोंबड्यांच्या. तरीही लिहिते, कारण आमच्याकडे लाइट गेली की मिनिटं मोजावी लागतात. उन्हाळ्यात दुपारी बंद शेडमधले पंखे थांबले की अर्ध्या तासात पक्षी मरायला लागतात.

तीन वर्षांपूर्वी आमचा सेट चांगला होता, डिझेल भरलेलं होतं, ऑइल नवं होतं. लाइट गेली, पॅनलनं स्टार्ट दिला आणि नुसतं टक-टक-टक. बॅटरी मेली होती. माझा नवरा ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणेपर्यंत जे व्हायचं ते झालं. त्या दिवशी किती पक्षी गेले तो आकडा मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

तेव्हापासून आमचे नियम आहेत. बॅटरीला कायमचा चार्जर, बॅटरी चालत असली तरी दर अडीच वर्षांनी बदलायची, आणि सेट सुरू झाला नाही तर वाजणारा भोंगा त्याच बॅटरीवर नाही, वेगळ्या बॅटरीवर. शेडचे पडदे आता विद्युत चुंबकावर अडकवलेत. वीज गेली आणि सेटही आला नाही तर पडदे आपोआप खाली पडतात, निदान हवा आत येते. तुमची ती वरची पाण्याची टाकी आहे ना, ती आमच्या पडद्यांसारखी आहे. जनरेटर आला म्हणून ती काढू नका, दादा.

शिरोलीचा_साचेवाला

ताई, तुमची पोस्ट आम्ही दोघा भावांनी दोनदा वाचली. टाकी राहणार. आणि बॅटरीची तारीख टाकीवर रंगानं लिहून ठेवणार.

डिझेल_काका

ताई म्हणतात ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. ‘सेट सुरू होत नाही’ म्हणून मला आलेल्या फोनांपैकी निम्म्याहून जास्त वेळा बॅटरी, सैल झालेलं टर्मिनल किंवा कुणीतरी दाबून ठेवलेलं इमर्जन्सी स्टॉप बटण निघालं. इंजिन क्वचितच.

तारतंत्री

परवानाधारक वायरमन, जयसिंगपूर. माझा एकच विषय, पण जिवाशी संबंधित आहे.

चेंजओव्हर, म्हणजे लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच, चार पोलचा घ्या, न्यूट्रलही तुटला पाहिजे. लाइन आणि जनरेटर एकाच वेळी बसवर येऊ शकणार नाहीत असा मेकॅनिकल इंटरलॉक हवा, नुसत्या रिलेवर विसंबू नका. तुमच्या सेटची वीज उलटी डीपीकडे गेली तर तिथला ट्रान्सफॉर्मर ती अकरा हजारांवर चढवतो. लाइन बंद आहे असं समजून एखादा लाइनमन खांबावर चढलेला असतो. त्याच्या घरी पोरं असतात. मी अशा एका घरी जाऊन आलोय, म्हणून हे इतकं निक्षून लिहितोय.

अर्थिंग: न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन असे चार वेगळे अर्थ पिट. न्यूट्रलच्या पट्टीला बॉडीची पट्टी वाटेत जोडायची नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. तुमच्याकडे पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर पॅनल असणारच. जनरेटर आला की तो आपोआप बाहेर गेला पाहिजे. हलक्या लोडवर कपॅसिटर बसवर राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, अल्टरनेटर स्वतःच उत्तेजित व्हायला लागतो, एव्हीआरच्या (व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाच्या) हातात काही राहत नाही आणि व्होल्टेज वर चढतं. चार सीएनसींची कार्डं जाताना मी बघितली आहेत. चेंजओव्हरचा एक ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट पॅनलच्या कंट्रोलला जोडला की काम झालं, शे-दोनशेची वायर.

छपरावर सोलर असेल किंवा पुढे करणार असाल तर तेही सांगा. सोलर आणि डीजी (डिझेल जनरेटर) एका बसवर आणायचे तर मधे कंट्रोलर लागतो. नाहीतर दुपारी ऊन चढलं की सोलर सेटचा लोड खाऊन टाकतो आणि उरलेलं सेटमध्येच उलटं ढकलतो.

भूलतज्ज्ञ_सातारा

आमचं लहान रुग्णालय आहे. पूर्वी दर सोमवारी वॉचमन सेट पाच मिनिटं रिकामा चालवायचा आणि वहीत ‘ओके’ लिहायचा. दोन वर्षं ओके. प्रत्यक्ष ऑपरेशन चालू असताना लाइट गेली, सेट सुरू झाला, लोड आला आणि मिनिटभरात बंद पडला. फिल्टर चोक होता, रिकाम्या इंजिनाला पुरेल एवढंच डिझेल त्यातून येत होतं. व्हेंटिलेटरची स्वतःची बॅटरी आणि दिव्यांचा यूपीएस होता म्हणून निभावलं. तो मिनिट मी विसरणार नाही.

आता महिन्यातून एकदा, सगळ्यांना आधी सांगून, आम्ही मेन इनकमर (बाहेरची वीज आत घेणारा मुख्य स्विच) खरोखर पाडतो. सेट स्वतःहून सुरू होतो का, किती सेकंदांत लोड घेतो, अर्धा तास खऱ्या लोडवर टिकतो का, ते बघतो. अमेरिकेतला एनएफपीए ११० हा प्रमाणग्रंथही दरमहा किमान ३० टक्के लोडवर ३० मिनिटं असंच सांगतो. रिकाम्या चाचणीनं काही कळत नाही, उलट काकांनी लिहिलेलं ते काळं तेल साठतं.

कोयनाकाठ

जागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. शिरोली म्हणजे पंचगंगेचा शेजार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग तुमच्याच भागात पाण्याखाली होता. तेव्हा तुमच्या शेडमध्ये पाणी कुठवर आलं होतं? ती खूण भिंतीवर असेल तर सेटचा चौथरा, पॅनल आणि डिझेलची टाकी तिन्ही त्याच्या वर घ्या. तिन्ही म्हणतोय, एक नव्हे.

२०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाले. माणसांनी साखळी करून हातोहात जिन्यानं डिझेल वर नेलं. फुकुशिमा दाइचीलाही २०११ मध्ये भूकंपानंतर डिझेल जनरेटर सुरू झाले होते. त्सुनामीचं पाणी आलं आणि खालच्या पातळीवरचे सेट व स्विचगिअर बुडाले. सहा नंबरच्या युनिटचा एक हवेनं थंड होणारा सेट वाचला आणि त्यानं पाच व सहा दोन्ही अणुभट्ट्या सांभाळल्या. एका सेटची जागा आणि त्याची थंड होण्याची रीत वेगळी होती, एवढ्यावर तिथे फरक पडला.

आणि डिझेल. महामार्ग बंद झाला तेव्हा टँकर येत नव्हते. साठा किती ठेवणार?

डिझेल_काका

साठ्याचं सांगतो. एकूण २५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही एक भांडं १००० लिटरच्या वर नाही, एवढं डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं. म्हणून बाजारात ९९० लिटरची टाकी मिळते, त्या आकड्याचं कारण हे. ६२.५ चा सेट २५ किलोवॅटवर तासाला सात-आठ लिटर घेईल. ९९० लिटरची टाकी भरलेली असली तर पाच दिवस सलग. तुमच्यासाठी पुष्कळ. पण डिझेल वर्षानुवर्षं ठेवू नका, टाकीत दव धरून पाणी साठतं. पावसाळ्याआधी तळाचा ड्रेन उघडून पाणी काढा.

धुराड्याची उंचीही ठरलेली आहे. इमारतीच्या उंचीवर ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, मीटरमध्ये. ६२.५ ला इमारतीच्या वर दीड मीटरपेक्षा थोडं जास्त. आणि सेट बंद खोलीत ठेवायची वेळ आली तर रेडिएटरची गरम हवा डक्टनं बाहेर काढा, नाहीतर तीच हवा परत ओढून सेट एप्रिलमध्ये हाय टेम्परेचरवर बंद पडेल.

जुनं_इंजिन

सगळं पटलं, पण नवे सेट फार महाग झालेत. मी जुना ६२.५ घेतला, चार वर्षं बिनतक्रार. शिरोलीकरांनी कर्ज काढण्यापेक्षा जुना बघावा. जुन्या इंजिनात पंप मेकॅनिकल, गावातला मिस्त्रीही दुरुस्त करतो. नव्यात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, लॅपटॉप आल्याशिवाय पान हलत नाही.

डिझेल_काका

तुमचा अनुभव खरा आहे, आणि दुरुस्तीबद्दलचं म्हणणंही. मी स्वतः मेकॅनिकल पंपावर वाढलेला माणूस आहे. पण भट्टीच्या जिवासाठी जुना सेट मी सुचवणार नाही.

केंद्रीय प्रदूषण मंडळाचे जनरेटरच्या धुराचे चार-प्लस निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले, जुन्या साठ्याच्या विक्रीला जून २०२४ अखेरपर्यंत मुभा होती. नवं इंजिन महाग आहे, पण धूर खरोखर कमी आहे. ज्या शेडमध्ये दिवसभर माणसं राबतात तिथे मला ही गोष्ट मोठी वाटते. आणि जुना घ्यायचाच असेल तर आवर मीटरवर विश्वास ठेवू नका, ते फिरवलेलं असू शकतं. आदल्या रात्री सांगून ठेवा की सेट सुरू करू नका, सकाळी थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करायला लावा. ऑइल भरायचं झाकण उघडून धूर किती येतो बघा. अल्टरनेटर मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासा. आणि लोड बँकेवर (चाचणीसाठीचा कृत्रिम लोड) तासभर चालवून घ्या. एवढं करू देणारा विक्रेता मिळाला तर जुना घ्यायला हरकत नाही.

नव्यात एक बारकावा. साधारण ५६ किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना डीईएफ, म्हणजे ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी, लागतं. ६२.५ केव्हीएच्या सेटचं इंजिन नेमकं या सीमेवर येतं. काही कंपन्या त्याच्या आत बसवतात, काहींचं वर जातं. तुमच्या मॉडेलला डीईएफ लागतं का ते लेखी घ्या. लागत असेल तर तेही ताजं ठेवावं लागेल, वाळूच्या धुळीपासून झाकून.

मूठभर_वाळू

एक फाउंड्रीची गोष्ट राहिली. जनरेटर असूनही कधी रस गोठलाच तर परत वितळवताना भट्टी थोडी टिल्ट करून वितळवा. वरची साय घट्ट राहते, खाली रस तापत जातो आणि मधे दाब कोंडतो. तिरकी ठेवली की खालच्या रसाला कडेनं वाट मिळते. सरळ ठेवून पॉवर दिल्यामुळे स्फोट झालेले आहेत. आणि त्या वेळी प्लॅटफॉर्मवर कुणी नको.

शिरोलीचा_साचेवाला

मंडळी, ठरलं. भट्टीसाठी नवा ६२.५, पीआरपी रेटिंगचा, डीईएफ न लागणारा, तसं लेखी घेतलं. पूररेषेच्या खुणेपेक्षा तीन फूट उंच चौथरा, मोल्डिंगच्या विरुद्ध टोकाला. कपॅसिटर पॅनल इंटरलॉक केला. अर्थिंग तारतंत्रींनी सांगितल्याप्रमाणे, इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची परवानगी घेऊनच चालू करणार. सीएनसींसाठीचा दुसरा सेट पुढच्या वर्षी, तोवर लाइट गेली की मशीन शॉप थांबेल. भावाला हे पटवायला दोन दिवस लागले. ताईंची पोस्ट पुन्हा वाचून दाखवली तेव्हा तो हो म्हणाला.

शिरोलीचा_साचेवाला

तीन महिन्यांनी परत लिहितोय. काल संध्याकाळी पावणेसातला पोअरिंगच्या मध्यावर लाइट गेली. ११ सेकंदांत सेटनं लोड घेतला. पाण्याचे पंप टायमरनं एकापाठोपाठ आले. पॉवर पॅक आला, दिवे आले.

क्रेन आली नाही. साधारण १५० किलो रस असलेली लॅडल (रस ओतायचं भांडं) वर लटकलेली, ब्रेकनं धरलेली. ऑपरेटर पेंडंटचं (क्रेन चालवायच्या लटकत्या बटणपेटीचं) खाली घ्यायचं बटण दाबत होता, काहीच होईना. मी धावत गेलो. वीज गेल्यावर क्रेनचा मेन कॉन्टॅक्टर सुटतो आणि पेंडंटवरचं हिरवं बटण परत दाबल्याशिवाय येत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दाबलं, क्रेन आली, उरलेले चार साचे भरले. शेवटच्या दोन साच्यांत रस गार झाला असणार, ते कास्टिंग बाजूला ठेवलंय. भट्टीतला रस बाहेर, माणसं घरी.

काका, हा कॉन्टॅक्टर आपोआप यायची सोय करावी का?

डिझेल_काका

मुळीच करू नका. वीज परत आली की क्रेन स्वतःहून हलायला तयार होणं हे लटकत्या लॅडलखाली उभ्या असलेल्या माणसासाठी धोक्याचं आहे. म्हणूनच ते बटण हातानं दाबायचं ठेवलेलं असतं. पेंडंटवर मोठ्या अक्षरात मराठीत चिठ्ठी लावा: ‘लाइट गेली की आधी हिरवं बटण’. आणि येत्या सुट्टीच्या दिवशी रिकामी लॅडल लटकवून, मेन पाडून, तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांकडून एकेकदा करून घ्या. मी येतो, सकाळी आठला.